चेन 'वाढते' म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्यात आपल्या पायांचा हात किती?

पावसाळा ओसरला की सोलापुरातल्या सायकल दुकानांत एक वाद हमखास ऐकू येतो. गिऱ्हाईक आलेलं असतं गिअर नीट पडत नाहीत म्हणून. मेकॅनिक चेन दोन बोटांत धरून उचलून बघतो आणि सांगतो, "चेन वाढलीये, बदलावी लागेल. मागची कॅसेटपण गेलीये." (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच.) गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. "अहो, सायकल घेऊन दीड वर्ष नाही झालं. चेन तुटली नाही, गंजली नाही. लोखंड वाढतं का कुठं?"

शंका रास्त आहे. मेकॅनिकचं म्हणणंही बहुतेक वेळा खरं असतं, फक्त दुकानातल्या गर्दीत ते उलगडून सांगायला त्याला वेळ नसतो. गेल्या काही वर्षांत विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोडला पहाटे गिअरच्या सायकली बऱ्याच दिसायला लागल्या आहेत. त्यातल्या अनेकांना हा खर्च पहिल्यांदा येतो तेव्हा आपण फसवले जातोय असं वाटतं. म्हणून हा विषय मुळापासून बघू. चेन समजली की सायकलची निगा समजते, आणि पाय कसे मारावेत याचाही बराच भाग समजतो.

चेनच्या आत काय असतं

सायकलची चेन वरून एकसंध दिसते, पण ती शंभरावर सांध्यांची बनलेली असते. गिअरच्या सायकलला साधारण ११० ते ११६ सांधे असतात. प्रत्येक सांध्यात बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना आरपार जोडणारी एक पिन आणि पिनेभोवती फिरणारा छोटा रोलर. रोलर पुढच्या-मागच्या चकत्यांच्या दात्यांवर बसतो, पिन आतल्या पट्टीच्या भोकात फिरते. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली रोलर चेनचं पेटंट घेतलं. आजच्या चेनमध्ये बारीक बदल झालेत, पण मूळ कल्पना तीच आहे.

एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सायकल कुठल्याही कंपनीची असो, सात गिअरची असो की बाराची, हे अंतर बदलत नाही. दात्यांमधलं अंतरही याच मापाने कापलेलं असतं.

आता चेन 'वाढते' कशी? पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. पिन आणि तिचं भोक एकमेकांवर घासून झिजतात, भोक किंचित मोठं होतं, पिन किंचित बारीक होते आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते. शाळेची शंभर पोरं हात धरून रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाने पकड थोडीशी सैल केली, तर एकाही पोराची उंची न बदलता रांग लांब होईल. चेनचं तसंच आहे. एका सांध्यात मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग झीज झाली, तरी अख्खी चेन सेंटिमीटरभर लांब होते.

मग लांब झाली तर बिघडलं काय?

दाते तर अर्ध्या इंचाच्या मापाचेच राहिले. लांबलेली चेन त्यांच्या खाचेत तळाशी बसत नाही, वर सरकून बसते. आधी जो भार पाच-सहा दात्यांवर वाटला जायचा तो एक-दोन दात्यांवर येतो. ते दाते एका बाजूने खाल्ले जातात आणि वाकड्या आकड्यासारखे दिसू लागतात. चेन वेळेत बदलली नाही तर ती मागच्या चकत्यांना स्वतःच्या बिघडलेल्या मापात घडवत जाते.

गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त खटकतो तो भाग इथेच आहे. खराब चेन आणि खराब चकत्या एकमेकींशी जुळून गेलेल्या असतात, त्यामुळे सायकल चालत असते. तिथे नवी चेन घातली की ती या दात्यांवर बसत नाही आणि जोर लावला की खाडकन घसरते. म्हणून मेकॅनिक चेनसोबत कॅसेटही बदला म्हणतो. साध्या गिअर सायकलला कॅसेटच्या जागी फ्रीव्हील असतं, पण नियम दोन्हीला सारखाच. चेन त्यामानाने स्वस्त असते. ती वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात.

कंपासपेटीतली पट्टी पुरते

वेळ झाली की नाही हे ओळखायला मेकॅनिकच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. चेन मोजायचं स्वस्त साधन मिळतं, पण स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी असली तरी भागतं. शिंप्याची टेप मात्र घेऊ नका, ती ताणली जाते.

चेन पुसून घ्या. पेडलवर हलका दाब देऊन वरची बाजू ताठ ठेवा. पट्टीवरची १ सेंटिमीटरची रेघ एका पिनेच्या बरोबर मध्यावर आणा. आता तिथून पुढे २० पिना मोजा. पहिली पिन शून्य धरायची, हे विसरलं की माप चुकतं. नव्या चेनची विसावी पिन २६.४ सेंटिमीटरवर येते. ती २६.५ च्या थोडी पुढे गेली असेल तर अर्धा टक्का झीज झाली. अकरा-बारा चकत्यांची कॅसेट असेल तर तेव्हाच चेन बदलावी. आठ ते दहा चकत्यांच्या सायकलला २६.६ पर्यंत चालतं. त्याच्याही पुढे गेली असेल तर चकत्या वाचल्या असतील याची खात्री नाही.

किती किलोमीटरला बदलायची, हा प्रश्न सगळे विचारतात. मी आकडा सांगत नाही. एकाच रस्त्याला, एकाच मॉडेलच्या दोन सायकलींच्या चेनमध्ये दुप्पट फरक पडू शकतो. महिन्यातून एकदा पट्टी लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुकानात गेल्यावर "२६.५५ आलंय" म्हणून सांगितलं की बोलणं सरळ होतं.

सोलापूरच्या धुळीत तेलाचं काय करायचं

चेनचा खरा शत्रू पाणी नाही, धूळ आहे. आपल्याकडे ती भरपूर. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रस्त्याकडेची काळी माती वाळून पीठ झालेली असते, उसाच्या ट्रॉल्या आणि खडीचे डंपर ती उडवत जातात. ही बारीक कचकच तेलात मिसळली की चेनमध्ये धातू घासून काढणारा लेप तयार होतो. चेन जितकी ओली, तितकी ती धूळ जास्त धरते. म्हणून भरपूर तेल म्हणजे चांगली निगा, हा समज आपल्या भागात महागात पडतो.

तेल लागतं ते फक्त पिन आणि रोलरच्या आत. बाहेरच्या पट्टीवर त्याचं काहीच काम नाही. हे एकदा पटलं की पुढची कृती आपोआप ठरते. जुन्या टॉवेलचा तुकडा घ्या, सोलापुरात त्याला तोटा नाही. चेन त्यात मुठीत धरून पेडल उलटं फिरवा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत जागा बदलत राहा. मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या हातात, दोन छोटी चाकं असतात. त्यांच्यावर काळ्या मळाचं कडं बसलेलं असतं, ते काडीने खरवडा. मग चेनच्या खालच्या पट्ट्याला, आतल्या बाजूने, एकेका रोलरवर एकेकच थेंब सोडत जा. थेंब आधी रोलरवर फुगून उभा राहतो, पेडल थोडं हललं की पट्ट्यांच्या फटीत शिरून दिसेनासा होतो. दिसेनासा झाला म्हणजे जिथे हवा तिथे पोचला. सगळी चेन झाली की पाच मिनिटं पेडल फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि बाहेरून पुन्हा कोरडी पुसून काढा. हे शेवटचं पुसणं बहुतेक लोक करत नाहीत. माझ्या मते सगळ्या कामात तेच सर्वांत महत्त्वाचं.

तेल दोन प्रकारचं मिळतं. ड्राय लूब पातळ असतं, सुकून मेणासारखा थर ठेवतं आणि धूळ कमी धरतं. उन्हाळ्यात तेच वापरावं, शक्यतो आदल्या रात्री लावून. वेट लूब चिकट असतं, पावसात टिकतं. जून ते सप्टेंबर ते ठीक, पण नंतर ते धुऊन काढल्याशिवाय राहू देऊ नये. पावसात भिजून आलात तर तेल नंतर लावा, आधी त्याच दिवशी चेन पुसा.

"आम्ही तर मशीनचं तेल घालतो, त्यात काय वाईट?"

शिलाई मशीनचं तेल वाईट नाही. ते स्वच्छ आणि पातळ असतं, आत शिरतं. फक्त लवकर संपतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा लावावं लागतं. गाडीचं काढून ठेवलेलं जळकं ऑइल मात्र कधीच नको. त्यात इंजिनातला कार्बन आणि धातूचा बारीक चुरा असतो, म्हणजे जे चेनमधून काढायचं तेच आपण आत घालतो. ग्रीस घट्ट असतं, आत शिरत नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं.

डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबाही अनेकांच्या घरात असतो. ते १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं. गंज सोडवायला, मळ सैल करायला उत्तम. पण चेनवर फवारून निघालात तर आतलं होतं ते तेलही पातळ होऊन निघून जातं आणि मागे टिकाऊ वंगण राहत नाही. त्याने धुतलंत तर पुसून, सुकवून, वर चेनचं तेल लावायलाच हवं. डिझेलने धुणाऱ्यांनाही हेच लागू. डिस्क ब्रेक असेल तर यातलं काहीही डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक धरत नाही. आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप सायकलच्या हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (दोन पेडलांमधल्या आसावर) मारू नका. पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि तिथून सहज बाहेर येत नाही.

"आजोबांच्या सायकलला वीस वर्षं एकच चेन होती"

होती, खरंच होती. मिलच्या भोंग्याला याच शहरात हजारो काळ्या सायकली रस्त्यावर यायच्या आणि त्यांच्या चेनची एवढी चर्चा कोणी केली नाही. त्याची कारणं मात्र सायकलच्या रचनेत आहेत. त्या चेनच्या पट्ट्या जाड आणि रुंद, आणि पुढे एक चकती, मागे एक, त्यामुळे चेन कायम सरळ रेषेत. गिअरच्या सायकलीत मागे आठ-दहा चकत्या त्याच जागेत बसवायच्या म्हणून चेन अरुंद करावी लागते आणि ती तिरपीही धावते. शिवाय जुन्या सायकलला पत्र्याचं पूर्ण चेनकव्हर असायचं. धूळ आत जातच नव्हती.

आणि ती चेनही झिजायचीच. सैल झाली की चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढायचं, पुन्हा आवळायचं, झालं. चेन आणि दाते सोबतच झिजत जायचे, एकाच जोडीने, त्यामुळे घसरायचा प्रश्न उशिरा यायचा. गिअर बदलायचाच नसल्याने पकड थोडी इकडेतिकडे झाली तरी चालायचं. ती सोय या नव्या सायकलींत नाही.

आता पायांकडे वळू

इथपर्यंत धूळ आणि तेलाबद्दल बोललो. झीज होण्याचं दुसरं कारण म्हणजे चेनवर पडणारी ओढ, आणि ती सर्वस्वी आपल्या हातात, खरं तर पायात असते.

होटगी रोडच्या सपाटीवर दोन जण शेजारी शेजारी २३ च्या वेगाने चाललेत असं समजा. दोघांच्याही पुढच्या चकतीला ४४ दाते, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पहिल्याने मागे १२ दात्यांची चकती घेतलीये, म्हणजे जड गिअर. पेडलच्या एका फेऱ्यात तो ७.७ मीटर जातो, त्यामुळे मिनिटाला ५० फेरे पुरतात. दुसऱ्याने १८ दात्यांची घेतलीये. तो एका फेऱ्यात ५.१३ मीटर जातो आणि मिनिटाला ७५ फेरे मारतो. गुणाकार करून बघा, ताशी अंतर दोघांचं एकच येतं. वारा तोच, वजन सारखं धरलं तर लागणारी ताकदही तीच. पण पहिल्याला प्रत्येक फेऱ्यात दीडपट जोराने पेडल दाबावं लागतं, आणि चेनवरची ओढही दीडपट.

त्यात आणखी एक भर. १२ दात्यांच्या चकतीवर चढताना-उतरताना प्रत्येक सांधा ३० अंशांत वाकतो, १८ च्या चकतीवर २० अंशांत. जास्त ओढ, जास्त वाक, आणि भार घ्यायला कमी दाते. छोट्या चकत्या आधी का झिजतात ते यातून कळतं.

हीच दीडपट ओढ चेनच्या आधी कुठून जाते? गुडघ्यातून. मांडीचा स्नायू जो जोर लावतो तो वाटीवरून खाली जातो. तासाभरात हजारो वेळा. नव्याने सुरुवात केलेल्यांना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात, खाली ठेवलेली सीट आणि जड गिअर. सीटसाठी सोपी कसोटी आहे. टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघ्यात हलका वाक आपोआप राहतो. सीट आणि गिअर बदलूनही दुखणं थांबलं नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.

"पण जड गिअरनेच व्यायाम होतो ना?"

हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो, आणि तो पूर्ण खोटा नाही. जड गिअरने मांड्यांना ताण पडतो, अनुभवी स्पर्धक तसा सराव मुद्दाम, मोजून करतात. पण ज्याला आठवड्यातून चार दिवस तासभर सायकल चालवून दमसास वाढवायचा आहे, त्याने स्नायू थकवून पंधरा मिनिटांत संपवण्यापेक्षा हृदय आणि फुप्फुसांना तासभर काम देणं जास्त फायद्याचं. मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात, त्या गतीला केडन्स म्हणतात. मिनिटाला ८० ते ९० बहुतेकांना सोयीची पडते, पण सुरुवातीला ७० आली तरी पुष्कळ. मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा.

पहिल्या आठवड्यांत हलक्या गिअरला दम जास्त लागतो, सीटवर उडल्यासारखं होतं. लोक इथेच सोडून देतात. थोडं थांबा. दम दोन मिनिटांत परत येतो, जड गिअरने भरून आलेल्या मांड्या दुसऱ्या दिवशीही सुटत नाहीत. जोर योग्य आहे का हे ओळखायचं तर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. आठवड्यातल्या बहुतेक फेऱ्या अशाच बोलत-बोलत कराव्यात, एखादीच जोरात.

घाट, वारा आणि ऊन

तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. सोलापुरातल्या सायकलवाल्याची पहिली मोठी फेरी बहुधा हीच असते. तामलवाडीपर्यंत काही वाटत नाही, शेवटी बालाघाटचा चढ लागतो. तिथे चेनचे सगळ्यात जास्त हाल होतात. जड गिअरवर चढाला भिडायचं, पाय अडखळला की उभं राहून जोर लावायचा आणि त्याच जोरात गिअर पाडायचा. खडखड आवाज येतो तेव्हा चेन पूर्ण भाराखाली, तिरपी, अर्ध्या दात्यावर लटकलेली असते. चढ दिसला की आधीच हलक्या गिअरवर या. चढावरच बदलावा लागला तर आधी दोन फेरे जरा जोरात मारा, मग पायाचा दाब सैल सोडून बदला. पुढची मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी ही जोडीही टाळा, चेन फारच तिरपी जाते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्याला पायी निघालेल्या भाविकांची गर्दी असते, तेव्हा हा सराव दुसऱ्या रस्त्याला करावा.

जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की मोहोळच्या दिशेने सपाट रस्ताही चढाइतका जड होतो. तिथेही हाच नियम. वेग पडू द्या, फेरे पडू देऊ नका. जाताना वाऱ्याला तोंड द्या, म्हणजे थकल्यावर परतीला तो पाठीशी असतो. उलटं केलंत तर परतीचे शेवटचे दहा किलोमीटर जड गिअर आणि चुकीचा जोर यांतच जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेपाचला निघून आठच्या आत घरी यावं. तास-दीड तासापेक्षा जास्त फेरी असेल तर पाण्यात मीठ-साखर असू द्या.

नवी चेन घेताना

मागे चकत्या किती आहेत ते मोजून जा. आठ चकत्यांसाठीची चेन दहाच्या कॅसेटला चालत नाही, रुंदी वेगळी असते. नवी चेन लांब येते. जुनीच्या शेजारी ठेवून कापायची तर सांधे मोजून कापायला सांगा. जुनी वाढलेली असल्याने टोकाला टोक जुळवलं तर फसगत होते. कारखान्यातून लावून आलेलं ग्रीस धुऊन टाकायची घाई नको, फक्त बाहेरून पुसा. जोडायला क्विक लिंक, म्हणजे सहज उघडता येणारा सांधा, घेतली तर पुढे चेन काढून धुणं सोपं जातं.

कॅसेट बदलायची की नाही, हे नवी चेन घातल्यावर पाच मिनिटांत कळतं. रिकाम्या रस्त्यावर, तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्या चकतीवर चेन आणा, सीटवर नीट बसून, हँडल घट्ट धरून हळूहळू जोर वाढवा. उभं राहून ही चाचणी करू नका, चेन घसरली तर तोल जातो. घसरली नाही तर जुनी कॅसेट अजून चालेल. एकाच चकतीवर घसरत असेल तर मेकॅनिकला विचारा, काही कॅसेटमध्ये छोट्या चकत्या सुट्या बसवता येतात, अख्खा संच टाकावा लागत नाही.